कांट्यांपासून कांचेपर्यंत : वैमानिकाच्या यंत्रफलकाचा इतिहास

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दौंड मागें टाकून कुर्डुवाडीकडे जातांना, जेऊर नांवाचें स्टेशन लागतें. करमाळ्यास जाणारा उतारू येथें उतरतो. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा हा मार्ग १८६० सालीं सोलापूरपर्यंत पोहोंचला आणि तेव्हांपासून ह्या माळरानावर पोलादी रुळांच्या रेषा उन्हांत चकाकत आहेत. आगगाडीच्या चालकाला आपला मार्ग शोधावा लागत नाहीं. रूळच त्याला घेऊन जातात. अंधार असो, धुकें असो किंवा मुसळधार पाऊस असो, त्याची डावी-उजवी आणि खालची-वरची बाजू कायमची ठरलेली असते. ह्याच माळरानावरून एखादें विमान जात असेल, तर त्याच्या चालकाची स्थिति नेमकी उलट असते. त्याला रूळ नाहींत, रस्ता नाहीं, आणि ढगांत शिरल्यावर तर खालीं काय आणि वर काय हेंही त्याला समजत नाहीं. तें त्याला समजावें म्हणून त्याच्यासमोर जो यंत्रफलक मांडलेला असतो, त्याचा इतिहास अवघा शंभरएक वर्षांचा आहे. परंतु त्यांत माणसाची कल्पकता जितकी दिसते, तितकीच त्यानें मोजलेली किंमतही दिसते.

आरंभींच्या वैमानिकांना यंत्रांची फारशी गरज भासली नाहीं, कारण ते दिवसा आणि स्वच्छ हवेंतच उडत. जमिनीवरच्या खुणा हाच त्यांचा नकाशा असे. नदीचें वळण, टेकडीवरचें देऊळ, आणि सर्वांत विश्वासाचा सोबती म्हणजे लोहमार्ग. तो सरळ जातो, गांवें जोडतो, आणि स्टेशनावरची पाटी खालीं उतरून वाचतां येते, असें ते गमतीनें म्हणत. आज जेऊरच्या पश्चिमेकडून जाणाऱ्या वैमानिकाला उजनीच्या जलाशयाचा रुंद पसारा दुरून दिसतो. पण भीमेवरील हें धरण अलीकडचें आहे. सन १९३२ च्या ऑक्टोबरच्या १५ तारखेला जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन ‘पस मॉथ’ जातीचें एका इंजिनाचें लहान विमान उडविलें आणि अहमदाबादमार्गें तें मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरविलें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं टपाल बेल्लारीमार्गें मद्रासकडे नेलें. त्या विमानांत बिनतारी यंत्र नव्हतें, आणि जमिनीवरून मार्ग दाखविणारी कोणतीही योजना नव्हती. पावसाळ्यांत जुहूचें मैदान पाण्याखालीं जाई, म्हणून कंपनीचा सारा संसार, विमानें, वैमानिक आणि कारागीर यांच्यासह, पुण्यास येरवड्याच्या तुरुंगाजवळील मैदानावर हलवावा लागे. पावसाळा हा त्या काळच्या वैमानिकाचा खरा प्रतिस्पर्धी होता. त्याचें कारण वाऱ्याहून अधिक ढगांत होतें.

ढगांत शिरलेल्या माणसाला त्याचें स्वतःचें शरीर फसवितें, ही गोष्ट प्रथम कोणालाच खरी वाटली नाहीं. डोळे मिटूनही आपल्याला उभें राहतां येतें, बसतां येतें. मग दाट धुक्यांत विमान सरळ आहे कीं कललेलें आहे हें कां समजूं नये? ह्या प्रश्नाचें उत्तर कानाच्या आंतल्या भागांत आहे. तेथें अर्धवर्तुळाच्या आकाराच्या तीन बारीक नलिका असून त्यांत द्रव भरलेला असतो. डोकें वळलें म्हणजे नलिका वळतात, पण द्रव क्षणभर मागें राहतो, आणि ह्या फरकावरून मेंदूला वळण्याची जाणीव होते. परंतु वळण वीसेक सेकंद एकसारखें चालू राहिलें, तर द्रवही नलिकांच्याच वेगानें फिरूं लागतो. फरक नाहींसा होतो, आणि विमान वळत असतांही आपण सरळ चाललों आहों असें वैमानिकाला वाटतें. तेवढ्यांत त्यानें विमान खरोखरच सरळ केलें, तर त्याच्या कानाला वाटतें कीं विमान उलट बाजूला वळूं लागलें. तो पुन्हां पहिल्या बाजूला कलतो. विमान उंची गमावूं लागतें. उंची परत मिळविण्यासाठीं तो नाक वर ओढतो आणि वळण अधिकच घट्ट होतें. ह्या गोल गोल उतरणीचा शेवट जमिनीवर होतो. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठानें १९५४ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगांत, यंत्रांवरून उडण्याचें शिक्षण न घेतलेल्या २० वैमानिकांना बाहेरचें कांहीं दिसणार नाहीं अशा स्थितींत उडविण्यांत आलें. त्या सर्वांचा विमानावरील ताबा सुटला. त्यास लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहूनही थोडा कमी.

ह्या फसवणुकीवर तोड सांपडली ती मुलांच्या एका खेळण्यांत. वेगानें फिरणारा भोंवरा आपल्या आंसाची दिशा सहसा सोडीत नाहीं. अमेरिकन संशोधक एल्मर स्पेरी यानें ह्या तत्त्वावर जहाजांसाठीं यंत्रें बनविलीं. त्याचा मुलगा लॉरेन्स यानें १९१४ च्या जून महिन्यांत पॅरिसजवळ सीन नदीवरून उडतांना सुकाणूवरचे हात काढून घेतले आणि भोंवऱ्याच्या आधारानें विमान आपोआप समतोल राहतें हें प्रेक्षकांना दाखविलें. पुढें ह्याच तत्त्वावर ‘कृत्रिम क्षितिज’ नांवाचें यंत्र तयार झालें. एका लहान गोल तावदानाआड एक आडवी रेघ असते. बाहेरचें खरें क्षितिज जसें कलेल तशी ती रेघ कलते. सन १९२९ च्या सप्टेंबरच्या २४ तारखेला न्यूयॉर्कजवळील मिचेल फील्ड येथें जिमी डूलिटल नांवाच्या लष्करी वैमानिकानें आपली बैठक आच्छादनानें पूर्णपणें झांकून घेतली आणि केवळ यंत्रें पाहून विमान उडविलें, फिरविलें व परत उतरविलें. पुढच्या बैठकींत दुसरा वैमानिक सावधगिरीसाठीं बसलेला होता, पण त्यानें सुकाणूला हात लावला नाहीं. डूलिटलजवळ स्पेरीचें कृत्रिम क्षितिज व दिशादर्शक भोंवरा, कोल्समनचा सूक्ष्म उंचीदर्शक आणि बिनतारी संदेशाची वाट, एवढी सामग्री होती. ह्या पंधरा मिनिटांच्या उड्डाणानें एक गोष्ट सिद्ध झाली : डोळ्यांनीं बाहेर पाहण्याचें काम यंत्रें करूं शकतात, मात्र माणसानें स्वतःच्या शरीरावर अविश्वास आणि यंत्रावर विश्वास ठेवावयास शिकलें पाहिजे.

हें शिक्षण कसें द्यावें, हा पुढचा प्रश्न होता. शरीराचें म्हणणें खोटें मानणें पुस्तकांतून शिकतां येत नाहीं. आणि आकाशांत शिकावयास जावें तर पहिली चूक हीच शेवटची ठरण्याची भीति. ह्यावरचा उपाय एका वाद्यकारखान्याच्या तळघरांत तयार झाला. न्यूयॉर्क प्रांतांतील बिंगहॅम्टन येथें एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि यांत्रिक पियानो बनविण्याचा कारखाना होता. लिंकला विमानाचें वेड होतें, पण शिक्षणाचा खर्च परवडण्याजोगा नव्हता. ऑर्गनच्या भात्यांत हवा भरून ते फुगवितां व रिकामे करतां येतात, हें त्याला ठाऊक होतें. त्यानें तेच भाते एका बुटक्या लाकडी विमानाखालीं बसविले. आंत बसलेला शिकाऊ सुकाणू हलवी, त्याप्रमाणें भाते फुगत वा आकसत आणि तें नकली विमान कले, वळे, नाक वर-खालीं करी. सन १९२९ पर्यंत हें यंत्र सिद्ध झालें. पण विमानशाळांना तें पोरखेळ वाटलें आणि जत्रांतून व करमणुकीच्या बागांतून तें पैसे घेऊन दाखविलें जाऊं लागलें.

लोकांचें मत बदलण्यास १९३४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं अमेरिकन सरकारनें हवाई टपालाचें काम खाजगी कंपन्यांकडून काढून लष्करी वैमानिकांकडे सोंपविलें. कडाक्याचा हिंवाळा, रात्रीचीं उड्डाणें, आणि यंत्रांवरून उडण्याचा अभ्यास नाहीं, अशा स्थितींत थोड्याच आठवड्यांत बारा वैमानिकांचे प्राण गेले. लष्कराचे अधिकारी लिंकचें यंत्र पाहण्यास न्यूअर्क येथें जमले, तेव्हां हवा इतकी खराब होती कीं लिंक येणार नाहीं असेंच त्यांनीं गृहीत धरलें होतें. लिंक ढगांतून, यंत्रांच्या आधारानें, स्वतः विमान चालवीत आला. अधिकाऱ्यांना निराळा पुरावा नको होता. त्यांनीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत अशीं दहा हजारांहून अधिक यंत्रें तयार झालीं आणि पांच लाखांच्या वर वैमानिकांनीं त्यांत बसून शिक्षण घेतलें. आज ज्याला सिम्युलेटर म्हणतात त्याचा हा मूळपुरुष. तो विमानाच्या कारखान्यांत जन्मला नाहीं, तर भाते आणि लाकूड हाताळणाऱ्या एका हौशी कारागिराच्या हातून जन्मला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

यंत्रें वाढत गेलीं तसा फलकही भरत गेला. पूर्वीं प्रत्येक कारखानदार मनास येईल तेथें कांटे बसवी. एका विमानांतून दुसऱ्यांत गेलेल्या वैमानिकाला आपला उंचीदर्शक शोधीत बसावें लागे. ब्रिटिश वायुदलानें १९३० नंतरच्या दशकांत सहा मुख्य यंत्रें दोन ओळींत एका ठराविक क्रमानें बसविण्याचा नियम केला. वरच्या ओळींत मध्यभागीं कृत्रिम क्षितिज असे, कारण नजर सर्वांत अधिक वेळां तेथेंच परत यावयाची. तरीही वाचनांत चुका होतच. युद्धानंतर, १९४७ सालीं, पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स ह्या दोघां अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं यंत्र वाचतांना झालेल्या २७० चुकांच्या हकीकती वैमानिकांकडून गोळा करून त्यांची छाननी केली. तीन कांट्यांच्या उंचीदर्शकावर हजार फुटांची चूक होणें ही एक नित्याची तक्रार निघाली. त्या दोघांचा निष्कर्ष असा कीं, ज्या चुकीला आपण ‘वैमानिकाची चूक’ म्हणतों, ती पुष्कळदां यंत्राच्या चेहऱ्यांतच दडलेली असते. माणसाला दोष देऊन स्वस्थ बसण्यापेक्षां यंत्राचा चेहरा बदलावा, हा विचार तेव्हांपासून रुजूं लागला.

परंतु यंत्राचा चेहरा उत्तम असूनही यंत्रच खोटें बोलूं लागलें तर? ह्या प्रश्नाचें उत्तर मुंबईनें १९७८ च्या पहिल्याच दिवशीं पाहिलें. एअर इंडियाचें ‘सम्राट अशोक’ हें बोइंग ७४७ जातीचें विमान १ जानेवारीच्या रात्रीं सांताक्रूझहून दुबईस निघालें. विमानांत १९० उतारू आणि २३ कर्मचारी होते. किनारा ओलांडतांच विमान थोडें उजवीकडे वळलें आणि मग सरळ झालें. पण कप्तानासमोरील क्षितिजदर्शक मात्र उजवीकडे कललेलाच राहिला. समोर काळा समुद्र आणि काळें आकाश. बाहेर खरें क्षितिज दिसत नव्हतें. कप्तानानें आपल्या यंत्राला मान देऊन विमान डावीकडे कलविलें, आणि तें कलतच गेलें. वस्तुतः त्या फलकावर सहवैमानिकासमोर दुसरें क्षितिजदर्शक होतें आणि मध्यभागीं अडचणीच्या वेळीं पाहण्यासाठीं ठेवलेलें तिसरें, लहानसें, तेंही होतें. परंतु तीन साक्षींपैकीं खरी कोणती हें ठरविण्यास जो अवधि हवा होता, तो मिळाला नाहीं. उड्डाणापासून दोन मिनिटांच्या आंत तें प्रचंड विमान बांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारें तीन किलोमीटरवर समुद्रांत कोसळलें. २१३ जणांपैकीं एकही वांचला नाहीं. चौकशींत असें ठरलें कीं, कप्तानाचें क्षितिजदर्शक बिघडलें होतें, आणि इतर यंत्रांच्या आधारानें विमान सांवरतां आलें नाहीं. डूलिटलच्या प्रयोगानें यंत्रावर विश्वास ठेवण्याचा धडा दिला होता. ह्या अपघातानें त्या धड्याचा उत्तरार्ध दिला. एका यंत्रावर नव्हे, यंत्रांच्या परस्परांशीं जुळणाऱ्या साक्षीवर विश्वास ठेवावयाचा असतो.

ह्याच सुमारास फलकाचें रूप पालटण्याचे प्रयत्न सुरू झालेले होते. सन १९७० नंतरच्या दशकांत मोठ्या प्रवासी विमानाच्या फलकावर शंभराहून अधिक यंत्रें व खटके असत. अमेरिकेंतील नासा संस्थेच्या लँग्ली येथील केंद्रानें एका बोइंग ७३७ विमानांत दूरचित्रवाणीसारखे पडदे बसवून प्रयोग केले. हेतु असा कीं, निरनिराळ्या कांट्यांवर विखुरलेली माहिती एका चित्रांत एकत्र यावी, आणि ज्या क्षणीं जें हवें तेंच दिसावें. सन १९८२ मध्यें वाहतुकीस आलेल्या बोइंग ७६७ मध्यें अशा पडद्यांनीं बऱ्याच कांट्यांची जागा घेतली. पुढें एअरबस ए-३२० नें ही पद्धति आणखी पुढें नेली. समोर कांच, कांचेवर रंगीत चित्र. निळें आकाश, तपकिरी जमीन, डाव्या बाजूस वेगाची पट्टी आणि उजव्या बाजूस उंचीची. ह्या मांडणीला ‘ग्लास कॉकपिट’ हें नांव पडलें. आरंभीं हे पडदे जाड नळ्यांचे असत. पुढें सपाट पडदे आले, आणि २००४ च्या सुमारास चार आसनांच्या लहान विमानांतही ते दिसूं लागले.

कांचेनें काम सोपें झालें, पण धोका नाहींसा झाला नाहीं. तो दुसरीकडे गेला. इंडियन एअरलाइन्सचें एअरबस ए-३२० जातीचें एक विमान १४ फेब्रुवारी १९९० रोजीं मुंबईहून बंगळूरला गेलें आणि धांवपट्टीच्या अलीकडेच जमिनीस टेकून मोडलें. विमानांतील १४६ जणांपैकीं ९२ मरण पावले. हवा स्वच्छ होती, दिवस होता. विमानाचीं इंजिनें अगदीं मंद चालत असून वेग व उंची धोक्याइतकी कमी होत आहे, हें वैमानिकांच्या वेळींच ध्यानांत आलें नाहीं, असें चौकशींत दिसून आलें. पडद्यावर माहिती होती. पण माहिती पडद्यावर असणें आणि मनांत उतरणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा मंडळानें २०१० मध्यें लहान विमानांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचाही रोख हाच होता. पडद्यांच्या विमानांना एकंदर अपघात कमी झाले, परंतु प्राणघातक अपघातांचें प्रमाण त्यांत अधिक आढळलें. नवें साधन हातीं आलें म्हणजे त्याचें नवें शिक्षणही घ्यावें लागतें, असा त्या मंडळाचा निर्णय होता.

आतां ह्या इतिहासाचा शेवटचा, आणि गृहस्थाच्या घरांत शिरलेला, अध्याय पाहूं. इलिनॉय विद्यापीठांत विमान आणि संगणक या दोहोंचा अभ्यास केलेल्या ब्रूस आर्टविक यानें १९८० च्या सुमारास घरगुती संगणकावर चालणारें विमानाचें अनुकरण विक्रीस आणलें. त्यांत जमीन म्हणजे कांहीं रेघा आणि फलक म्हणजे चार-दोन आंकडे, एवढेंच होतें. सन १९८२ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें तें आपल्या नांवानें काढलें. २०२० मधील त्याच्या आवृत्तींत साऱ्या पृथ्वीचें चित्र आलें, आणि जेऊरचा लोहमार्ग व उजनीचें पाणी आकाशांतून पाहणें घरबसल्या शक्य झालें. अशा संगणकासमोर बसणाऱ्या हौशी माणसाला लौकरच एक उणीव जाणवते. खिडकीबाहेरचें दृश्य आणि यंत्रफलक एकाच पडद्यावर दाटीनें बसलेलीं असतात, आणि उंची बदलावयाची तर उंदरानें टिचकी मारावी लागते. म्हणून तो एक निराळा लहान पडदा घेतो, त्याभोंवतीं लाकडाची किंवा प्लास्टिकची चौकट करतो, चौकटींत फिरक्या व बटणें बसवितो, आणि आपलें स्वतःचें ‘ग्लास कॉकपिट’ उभें करतो. इटलींत २००५ मध्यें निघालेली ‘आर्डुइनो’ ही लहानशी पाटी आणि इंग्लंडांत २०१२ मध्यें निघालेला ‘रास्पबेरी पाय’ हा हाताच्या तळव्याएवढा संगणक, ह्यांनीं हें काम विद्यार्थ्याच्या आवांक्यांत आणून ठेवलें आहे.

ह्या कामाची रीत समजण्यास कठीण नाहीं. मुख्य संगणकांतील नकली विमानाला आपला वेग, उंची, दिशा आणि कल यांचे आंकडे प्रत्येक क्षणीं ठाऊक असतात. ते आंकडे तो सेकंदाला वीस, तीस, क्वचित् साठ वेळां दुसऱ्या संगणकाकडे पाठवितो, आणि दुसरा संगणक त्यांवरून चित्र काढतो. फिरकीच्या आंत दोन विद्युत्-संपर्क असतात. त्यांपैकीं कोणता आधीं जुळतो ह्यावरून फिरकी डावीकडे फिरली कीं उजवीकडे हें ओळखतां येतें. धातूचे संपर्क जुळतांना सूक्ष्म उड्या मारतात, त्यामुळें एका खटक्याचे चार खटके मोजले जातात. कांहीं सहस्रांश सेकंद थांबून मग मोजलें म्हणजे हा दोष जातो. ज्यानें हें एकदां स्वतःच्या हातानें केलें, त्याला यंत्रफलक ही जादू राहत नाहीं.

पण खरी परीक्षा पुढें असते. पहिली चूक बहुधा क्षितिजाची होते. विमान उजवीकडे कललें म्हणजे चित्रांतील क्षितिज डावीकडे कललें पाहिजे, कारण खिडकींतून पाहणाऱ्याला तसेंच दिसतें. उणे-अधिकाच्या एका चिन्हाची चूक झाली कीं सारें उलट दिसूं लागतें. ही चूक केवळ नवशिक्याची आहे असें कोणी समजूं नये. रशियन विमानांत पुष्कळ वर्षें क्षितिज स्थिर आणि विमानाची आकृति कलणारी, अशी मांडणी असे. पाश्चात्त्य विमानांत ह्याच्या उलट. रशियांतील पर्म शहराजवळ २००८ सालीं बोइंग ७३७ विमान पडून ८८ माणसें मेलीं, तेव्हां चौकशीनें जीं अनेक कारणें नोंदविलीं त्यांत, पाश्चात्त्य पद्धतीच्या क्षितिजदर्शकाचें वैमानिकांना पुरेसें शिक्षण मिळालेलें नव्हतें, हेंही एक होतें. घरांतल्या मेजावर हीच चूक पांच मिनिटांत दुरुस्त होते, आणि ती कां महत्त्वाची हें जन्मभर लक्षांत राहतें.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे, आणि तिचा थेट संबंध ‘सम्राट अशोक’शीं पोहोंचतो. दोन संगणकांना जोडणारी तार सुटली, तर काय होतें? जुन्या कांट्याच्या यंत्राची शक्ति बंद पडली म्हणजे भोंवरा मंदावतो, क्षितिज हळूहळू वांकडें पडतें, निदान कांहीं बिघडलें असा संशय तरी येतो. पडद्यावरचें चित्र मात्र जागच्या जागीं गोठतें. आंकडे स्वच्छ, रंग ताजे, क्षितिज समतल. सारें कांहीं ठीक आहे असेंच तें सांगत राहतें. बिघडलेल्या यंत्राहून गोठलेलें चित्र अधिक घातक, कारण त्याचा चेहरा प्रामाणिक माणसाचा असतो. म्हणून खऱ्या विमानांतील पडद्यांत अशी योजना असते कीं, माहितीचा झरा तुटला किंवा ती विश्वासास अपात्र ठरली, म्हणजे त्या जागीं मोठी तांबडी फुली उमटते. ‘मला ठाऊक नाहीं’ असें यंत्रानें स्वतःहून सांगणें, हा ह्या साऱ्या इतिहासांतील एक मोठा शोध आहे. घरीं पडदा करणाऱ्यानें ही फुली विसरतां कामा नये. शेवटचा आंकडा येऊन एक सेकंद लोटला, तर चित्र पुसावें आणि फुली काढावी. दहा ओळींत हें काम होतें. आणि मुख्य पडद्याशेजारीं, निराळ्या मार्गानें माहिती घेणारें एक लहान क्षितिज ठेवावें. तें नेहमीं दुर्लक्षित राहील. परंतु एके दिवशीं मोठा पडदा मुद्दाम गोठवून, लहान क्षितिजावर विमान सांवरण्याचा अभ्यास करावा. एका खोलींत, कोणाच्याही जिवाला धक्का न लावतां, १९७८ च्या त्या रात्रीचा प्रश्न असा पुन्हां पुन्हां सोडवितां येतो.

अशा घरगुती खटाटोपाची थट्टा करण्याची आपल्याकडे रीत आहे. मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधणारे कप्तान अमोल यादव यांच्याकडेही कित्येक वर्षें लोकांनीं नवलानेंच पाहिलें असेल. तें विमान २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत मांडलें गेलें आणि २०१७ मध्यें त्याची सरकारदरबारीं नोंद झाली. लिंकच्या यंत्रालाही जत्रेंतलें खेळणें म्हणूनच आयुष्य कंठावें लागलें होतें. मात्र घरच्या यंत्राची मर्यादाही स्पष्ट असावी. त्यावर घालविलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठीं मोजले जात नाहींत. त्यासाठीं मान्यताप्राप्त यंत्र आणि खरें विमान लागतें. तसें शिक्षण घेण्यासाठीं आतां परदेशींच जावें लागतें असेंही नाहीं; महाराष्ट्रांत बारामती आणि गोंदिया येथें वैमानिक तयार झाले आहेत. शिवाय मेजावर बसलेल्याचा कान त्याला कधींच फसवीत नाहीं, कारण खुर्ची जागची हलत नाहीं. शरीराच्या खोट्या साक्षीशीं झुंजण्याचा अनुभव तेथें मिळत नाहीं. जें मिळतें तें इतकेंच : नजर एका यंत्रावर न खिळतां सहाही यंत्रांवरून फिरती ठेवण्याची संवय, आणि आपल्यासमोरचें चित्र कोठून येतें हें विचारण्याची बुद्धि.

जेऊरसारख्या गांवीं एखादा विद्यार्थी रात्रीं असा पडदा समोर घेऊन बसला, आणि त्याच्या घरच्यांनीं हा पोरखेळ कशासाठीं असें विचारलें, तर त्याला हा इतिहास सांगतां येईल. बाहेर सोलापुराकडे जाणारी गाडी रुळांच्या भरंवशावर अंधारांतून धांवत असेल. तिच्या वरून, कित्येक हजार फुटांवर, दुसरीं कांहीं माणसें जात असतील, आणि त्यांचा सारा भरंवसा कांचेवरच्या एका निळ्या-तपकिरी रेघेवर असेल. ती रेघ खरी आहे ना, हें पाहण्याचें काम कोणीतरी आधीं शिकून ठेवलेलें असावें लागतें.